परमवीर चक्र की अशोक चक्र?

‘मेजर’ चित्रपट पाहून आलेला माणूस छातीठोकपणे सांगतो, “उन्नीकृष्णनना परमवीर मिळालंय.” मिळालंय ते अशोक चक्र. परमवीर चक्र कॅप्टन विक्रम बत्रांचं, म्हणजे ‘शेरशाह’मधलं. दोघेही अधिकारी, दोघेही लढता लढता गेले, दोघांचाही सन्मान मरणोत्तर. त्यात पडद्यावरचा गोळीबारही सारखाच. गोंधळ होणारच. पण साताऱ्यात तरी तो होऊ नये, कारण अशोक चक्र मिळालेल्या तुकाराम ओंबळेंचं गाव, जावळी तालुक्यातलं केडंबे, आपल्याच जिल्ह्यात आहे.

पराक्रम कमी की जास्त, यावर हा फरक ठरत नाही. समोर कोण होतं, यावर ठरतो. शत्रूसमोर, मग जमिनीवर असो, समुद्रात असो की आकाशात, गाजवलेल्या सर्वोच्च शौर्याला परमवीर. शत्रूसमोर नसताना दाखवलेल्या तितक्याच शौर्याला अशोक चक्र. बत्रांसमोर १९९९ साली पॉइंट ४८७५ वर पाकिस्तानी सैन्य होतं. मेजर संदीप उन्नीकृष्णन २००८ साली मुंबईच्या ताजमध्ये दहशतवाद्यांशी लढत होते.

‘युद्ध असेल तर परमवीर, शांतता असेल तर अशोक चक्र’ हे सूत्र पाठ करायला सोपं, पण तोकडं. कारगिलला तरी युद्ध कुठे जाहीर झालं होतं? कॅप्टन गुरबचनसिंग सलारियांना परमवीर मिळालं ते १९६१ मधल्या काँगोतल्या कामगिरीसाठी, संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत असताना. मेजर रामस्वामी परमेश्वरन १९८७ मध्ये श्रीलंकेत लढताना पडले. त्यांच्यासमोर एलटीटीई ही तमिळ बंडखोर संघटना होती, कुठल्या देशाचं सैन्य नव्हे, तरी परमवीरच. रेघ वाटते तितकी सरळ नाही, हे मान्य करायला हवं.

दुसरा फरक मात्र ठळक आहे. परमवीरचे आजवरचे सगळे २१ मानकरी सैन्यदलातले. अशोक चक्र पोलिसाला मिळतं, सामान्य नागरिकालाही मिळतं. हवाईसुंदरी नीरजा भनोतला मिळालं तसं. आणि केडंब्याचे तुकाराम ओंबळे! आधी लष्करात, मग मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक. गिरगाव चौपाटीजवळ हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबची रायफल धरली ती गोळ्या लागल्या तरी सोडली नाही. २००९ च्या प्रजासत्ताक दिनी उन्नीकृष्णन आणि ओंबळे, दोघांनाही मरणोत्तर अशोक चक्र दिलं गेलं. एक मेजर, एक पोलीस, आणि पदक तेच.

मानाच्या क्रमात अशोक चक्र परमवीरच्या लगेच खाली. खालच्या पायऱ्यांच्याही अशाच जोड्या आहेत: महावीर चक्राला कीर्ती चक्र, वीर चक्राला शौर्य चक्र. आपल्याच जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये काश्मीरमधल्या कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना गेले. त्यांचं शौर्य चक्र. कार्यक्रमांच्या फ्लेक्सवर मात्र सगळ्यांनाच ‘वीर चक्र’ चिकटवून मोकळे होतात, त्याला काय म्हणावं.

ओळखायची सोपी खूण फितीत आहे. परमवीरचं पदक कांस्य धातूचं, त्यावर इंद्राचं वज्र चार वेळा कोरलेलं. रचना सावित्रीबाई खानोलकरांची. त्याची फीत साधी जांभळी. अशोक चक्र सोनेरी, फीत हिरवी आणि मधोमध केशरी पट्टी. चित्रपटाच्या शेवटी सन्मानाचा प्रसंग आला, की आधी फितीचा रंग बघा.