अवघड जागेचे स्पार्क प्लग घरी बदलणे

पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या मोटारीतले हाताला सहज न लागणारे स्पार्क प्लग गॅरेजला न जाता स्वतः काढून नवे बसवणे. प्लग बदलणे मुळात सोपे आहे, अवघड असते ती प्लगपर्यंतची वाट. इंजिनासमोर उभे राहून प्लग दिसत असेल तर वीस मिनिटांचे काम. दिसत नसेल तर रविवारची सकाळ गेली असे समजावे.

प्लगचे काम सिलिंडरमधल्या हवा-इंधनाच्या मिश्रणात ठिणगी पाडणे. १८६० साली एत्येन लेन्वार याने आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली, आणि १९०२ मध्ये रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड याने उच्च व्होल्टची वीज तयार करणारा मॅग्नेटो व त्याचा प्लग तयार केल्यावर ही रीत मोटारीत पक्की झाली. कोल्हापूरचे इंजिनाशी नाते मात्र वेगळ्या वाटेने जुळले. उसाला पाणी देणाऱ्या ऑइल (डिझेल) इंजिनांची दुरुस्ती आणि निर्मिती यांतून इथला यंत्रोद्योग वाढला, शिवाजी उद्यमनगर ही औद्योगिक वसाहत त्यावरच उभी राहिली. गंमत अशी की त्या डिझेल इंजिनांना स्पार्क प्लग नसतोच. दाबून तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते. डिझेल मोटारीत असतो तो ‘हीटर प्लग’, त्याचा इथे संबंध नाही.

जागेची अडचण गाडीगणिक बदलते. मारुती ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणून काम बॉनेट उघडून नव्हे तर सीट उचलून सुरू होते. ईकोचेही तेच. टाटा नॅनोचे ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन मागे, सामान ठेवायच्या जागेखाली. तिथे मागची सीट पाडून, झाकणाचे स्क्रू काढून आत शिरावे लागते. सगळ्यांत खट्याळ म्हणजे २००३ च्या पिढीतली होंडा सिटी आय-डीएसआय. तिच्या प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे चार सिलिंडरना एकूण आठ प्लग. पुढचे चार समोर दिसतात. मागचे चार काचेच्या बाजूला दडलेले असतात आणि तिथवर पोहोचायला वायपर व त्याखालची प्लास्टिकची पट्टी काढावी लागते. पुढचे चार बदलून ‘प्लग झाले’ म्हणणे हा त्या गाडीपुरता जुना मोह आहे. आडव्या बसवलेल्या सहा सिलिंडरच्या व्ही इंजिनात मागचे तीन प्लग बहुधा इन्टेक मॅनिफोल्डखाली, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीखाली जातात. अलीकडच्या साध्या गाड्यांत प्लग टॅपेट कव्हरमधल्या (इंजिनाच्या वरच्या झाकणातल्या) खोल विहिरीत असतो आणि वर प्लगला वीज देणारी कॉइल बसलेली असते. तो अवघड नसतो, फक्त दिसत नाही.

प्लग थकल्याची खूण म्हणजे गाडी ‘मिसिंग मारते’, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकते, पिकअप पडतो, ॲव्हरेज उतरते. सपाटीवर ठीक चालणारी गाडी रत्नागिरीहून येताना आंबा घाट चढू लागली की धक्के देते. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, तितक्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्ट लागतात आणि प्लगच्या दोन टोकांमधली झिजून रुंदावलेली फट ते मागणे आणखी वाढवते. गॅसवरच्या गाडीत हा त्रास लवकर जाणवतो. पण पावसाळ्यात मिसिंग आले तर आधी विहिरीत डोकवावे. कोल्हापूरच्या पावसात, किंवा धुलाई केंद्रावर बॉनेट उघडून मारलेल्या फवाऱ्याने, पाणी प्लगच्या विहिरीत साचते. अशा वेळी प्लगचा काही दोष नसतो. कॉइल काढून ती जागा कोरडी केली की गाडी सुरळीत चालते.

इंजिन थंड असावे. प्लग ज्यात बसतो ते सिलिंडरवरचे हेड ॲल्युमिनियमचे, प्लग पोलादाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम सुमारे दुप्पट फुगते आणि गरम हेडातून प्लग काढताना आटे सोलून निघण्याची भीती असते. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून ठेवावी. कॉइलचे कनेक्टर उष्णतेने ठिसूळ झालेले असतात, त्यांची जीभ दाबून ओढावी, नुसती हिसकू नये. मग पायपंपाने विहिरीतली धूळ उडवावी. नाहीतर प्लग निघाल्यावर तीच धूळ सिलिंडरमध्ये पडते. एका वेळी एकच सिलिंडर हाताळला की वायरींची अदलाबदल होत नाही.

हत्यारात १६ मिमीचे प्लग सॉकेट (काही गाड्यांना १४ मिमीचे), रॅचेट, दोन लांबीची एक्स्टेन्शन आणि एक युनिव्हर्सल जॉइंट पुरतो. एक्स्टेन्शन व सॉकेटच्या जोडावर चिकटपट्टीचे दोन वेढे मारावेत, नाहीतर प्लग वर यायच्या ऐवजी सॉकेटच खाली राहते. युनिव्हर्सल फार तिरका झाला तर जोर प्लगच्या चिनीमातीवर जातो. तिला केसाएवढी चीर पडते, डोळ्याला दिसत नाही आणि गाडी पुन्हा मिसिंग मारते. हातातून पडलेला नवा प्लगही याच कारणाने बाद समजावा. जुना प्लग घट्ट बसला असेल तर पाव फेरा सोडून बुडाशी गंजतेल टाकावे, थांबावे, थोडा परत आवळून मग पुन्हा सोडावा. या मागेपुढे करण्याला वेळ लागतो. पाण्याचा पाइप दांड्यावर चढवून जोर लावणाऱ्याला जास्त लागतो.

मॅनिफोल्ड उतरवावा लागला तर उघड्या पडलेल्या भोकांत लगेच स्वच्छ फडके कोंबावे आणि फडकी मोजून ठेवावीत. एक नट आत पडला तर इंजिन उघडण्याचा खर्च प्लगच्या कित्येक पट होतो. बसवताना पॅकिंग नवे घालावे.

नवा प्लग बसवणे हा खरा नाजूक भाग, कारण तिथे डोळा चालत नाही, बोटच चालते. मेस्त्री लोकांची युक्ती अशी: पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकाला खोचायचा, प्लग खाली सोडायचा आणि नळी बोटांनी फिरवायची. आधी थोडे उलटे फिरवले की आट्याला आटा लागल्याची बारीक ‘टक’ जाणवते, मग सुलटे. प्लग वाकडा लागला तर नळी घसरते, आटे वाचतात. रॅचेटला हे समजत नाही, तो वाकड्यातही आवळत जातो. हाताने पूर्ण बसल्यावर १४ मिमी आट्याचा, वायसरवाला नवा प्लग आणखी अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तोच वापरलेला असेल तर जेमतेम फेऱ्याचा बारावा भाग. टॉर्क पाना असल्यास २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीच्या प्लगला १५ ते २०. आट्यांना ग्रीस लावण्याची सवय इथे फार आहे. निकेल मुलामा दिलेल्या प्लगला ती नको: घर्षण कमी होते आणि त्याच टॉर्कला प्लग जास्त ताणला जातो.

खरेदी करताना आटा जुळला म्हणजे प्लग जुळला असे नव्हे. आट्याची लांबी जास्त असेल तर पिस्टन धडकू शकतो. उष्णतेचा आकडाही कंपनीगणिक उलटा: एनजीकेत मोठा आकडा म्हणजे थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग, बॉशमध्ये गरम. फट साध्या प्लगात फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) पाहून जुळवता येते. इरिडियमचे टोक फार बारीक असते, त्याला हत्यार लावू नये.

आटे गेलेच तर गाडी ओढत न्यावी. उद्यमनगरात जुने आटे कापून त्यात तारेचा इन्सर्ट किंवा पोलादी बुश बसवला जातो. हेड न उतरवता हे केल्यास कीस सिलिंडरमध्ये पडतो, म्हणून चांगला कारागीर आधी हेड उतरवायलाच सांगतो आणि गिऱ्हाईक तिथेच घासाघीस सुरू करते.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने पुठ्ठ्यात भोके पाडून उभे करावेत. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकटपणा म्हणजे ऑइल वर येते आहे, पांढरे फोड म्हणजे इंजिन फार तापले. चारांतला एकच वेगळा दिसला तर त्या सिलिंडरचीच चौकशी करावी. त्यातला बरा दिसणारा प्लग बरेच जण पुसून, कागदात गुंडाळून डिकीत टाकतात.