पार्श्वभूमी : पाच यार्डांचा नियम आणि त्यानंतरचा अमेरिकन फुटबॉल

अमेरिकन फुटबॉलमधल्या आक्रमणाचा इतिहास सहसा प्रशिक्षकांच्या कल्पकतेची गोष्ट म्हणून सांगितला जातो. कोणाच्या प्लेबुकातून (ठरलेल्या डावांच्या वहीतून) काय आलं, कोण कोणाच्या हाताखाली तयार झालं, याची एक वंशावळच रचलेली असते. ती खोटी नाही, पण तिच्यात नियमपुस्तकाला जागा नसते. क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्या, आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) आज जे शिकवलं जातं आणि बचाव त्यावर जी उत्तरं शोधतो, त्यातलं बरंचसं १९७८ मधल्या दोन नियमबदलांपर्यंत मागे नेता येतं.

त्याआधीचं थोडक्यात. १९०५ च्या हंगामात मैदानावर मृत्यू झाले आणि १९०६ मध्ये पुढे पास टाकायला परवानगी मिळाली, तीही अशा अटींवर की पास हुकला तरी दंड बसायचा. १९३३ मध्ये व्यावसायिक लीगने स्क्रिमेज रेषेच्या (जिथे चेंडू ठेवून प्रत्येक डाव सुरू होतो त्या रेषेच्या) मागे कुठूनही पास टाकायची मुभा दिली. १९४० च्या अंतिम सामन्यात शिकागोने टी फॉर्मेशन या आक्रमणाच्या रचनेच्या जोरावर वॉशिंग्टनला ७३-० असं चिरडलं आणि पुढच्या काही वर्षांत बाकीचे संघही त्याच वाटेने गेले. १९५० मध्ये अमर्याद बदलीची सोय कायम झाली. तिथून आक्रमणाचे आणि बचावाचे खेळाडू वेगळे, आणि हळूहळू प्रशिक्षकही वेगळे.

सत्तरच्या दशकात मात्र पारडं बचावाकडे झुकलं. रिसीव्हर (पास झेलणारा) रेषेवरून निघाला की कॉर्नरबॅक (त्याच्यावर पहारा ठेवणारा बचावपटू) त्याला धक्का देणार, आणि चेंडू हवेत जाईपर्यंत देतच राहणार. पिट्सबर्गच्या उंच, दणकट कॉर्नरबॅकने ही कला इतकी पुढे नेली की नंतरचा नियम लोकांच्या तोंडी त्याच्याच नावाने राहिला. १९७४ मध्ये या धक्क्यांवर काही बंधनं आली आणि १९७७ मध्ये ‘रिसीव्हरला एकदाच धक्का’ असंही ठरलं. तरीही १९७७ मध्ये एका संघाचे सरासरी गुण सामन्यामागे १७.२ वर आले. १९४२ नंतरचा तो नीचांक होता. टीव्हीवर खेळ विकणाऱ्यांना हे परवडणारं नव्हतं.

१९७८ मध्ये मग ठरलं की धक्का द्यायचा तो रेषेपासून पाच यार्डांच्या आत, त्यापुढे रिसीव्हरला हात लावायचा नाही. त्याच वर्षी आक्रमणाच्या लाइनमननाही (क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत करून उभ्या राहणाऱ्यांना) पास ब्लॉक करताना हात लांबवून, तळवे उघडे ठेवून समोरच्याला थोपवायची मोकळीक मिळाली. तोवर हात अंगाशी धरून, कोपर वाकवूनच भागवावं लागत होतं. चर्चा नेहमी पहिल्या बदलाची होते, पण माझ्या मते दुसरा तितकाच मोठा, कदाचित काकणभर जास्तच. क्वार्टरबॅकला जास्तीचा क्षण मिळाला तो या हातांमुळे. लांब हातांचे, पुढे पुढे तीनशे पाउंडांच्या वर गेलेले टॅकल (या रांगेतले टोकाचे लाइनमन) शोधले जाऊ लागले त्याची मुळंही इथेच आहेत. एकदिवसीय क्रिकेटमध्ये सुरुवातीच्या षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवायचं बंधन आलं आणि सलामीवीराचं कामच बदललं. इथे घडलं ते त्याच जातीचं. गंमत म्हणजे ज्यांना आवरायला नियम आणला, त्याच पिट्सबर्गने लांब पल्ल्याचे पास टाकत १९७८ आणि १९७९ अशा लागोपाठच्या हंगामांत सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला. १९८० पर्यंत सरासरी गुण विसाच्या वर गेले होते.

या मांडणीवर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोडून काढणं सोपं नाही. ज्या पद्धतीला पुढे ‘वेस्ट कोस्ट’ म्हटलं गेलं, ती पश्चिम किनाऱ्यावर जन्मलीच नव्हती आणि १९७८ नंतरचीही नव्हती. १९६९ मध्ये सिनसिनाटीच्या जबरदस्त हाताच्या नवख्या क्वार्टरबॅकचा खांदा दुखावला. पुढच्या वर्षी जो हाताशी होता त्याचा पास लांब जात नव्हता, पण नेम चांगला होता आणि डोकं तल्लख. तेव्हा तिथल्या सहायक प्रशिक्षकाने मैदानाच्या रुंदीचा वापर करणारे, धावेच्या (चेंडू घेऊन पळण्याच्या) जागी चालतील असे छोटे पास बसवले. म्हणजे कल्पना नियमाच्या आठ वर्षं आधीची. मग श्रेय नियमाला कसं?

उत्तर पावलांच्या गणितात आहे. या पद्धतीत क्वार्टरबॅकच्या मागे येण्याची पावलं आणि रिसीव्हरची पावलं एकमेकांना बांधलेली असतात. तीन पावलांवर स्लँट, पाच पावलांवर कर्ल किंवा डिग (ही रिसीव्हरच्या ठरलेल्या वाटांची नावं). शेवटचं पाऊल टेकलं की चेंडू सुटलाच पाहिजे, रिसीव्हर वळला नसला तरी. आठव्या यार्डावर कोणी रिसीव्हरला नुसतं खांद्याने ढकललं तरी हे घड्याळ बिघडतं. १९७८ पूर्वी ते बिनदिक्कत बिघडवता येत होतं. तोच प्रशिक्षक १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला तेव्हा पाच यार्डांपलीकडे रस्ता मोकळा होता, आणि १९८१, १९८४, १९८८ या हंगामांची विजेतेपदं त्या रस्त्याने आली. बियाणं जुनं होतं हे खरं, पण पाऊस १९७८ चा. १९८४ मध्येच मायामीच्या क्वार्टरबॅकने ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन पास (गोल रेषेपलीकडे पोहोचून गुण देणारे) नोंदवले. सत्तरच्या दशकात हा आकडा कोणी ऐकूनही घेतला नसता.

बचावाकडे मग दोनच कायदेशीर वाटा उरल्या. चेंडू सुटायच्या आत क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचायचं, नाहीतर तो चुकीचं वाचेल असं करायचं. शिकागोच्या १९८५ च्या ४६ डिफेन्स या बचावाच्या रचनेने पहिली वाट धरली. झोन ब्लिट्झने (ब्लिट्झ म्हणजे अनपेक्षित खेळाडूने क्वार्टरबॅकवर धावून जाणं) दुसरी धरली. त्यात बचावाचा लाइनमन मागे सरकून छोट्या पासच्या वाटेत उभा राहतो आणि क्वार्टरबॅकवर धाव घेतो तो भलत्याच बाजूचा खेळाडू. कव्हर टू या रचनेत कॉर्नरबॅक त्या पाच यार्डांतच धक्का देऊन जवळच्या भागात थांबतो आणि मागे दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) मैदान निम्मं-निम्मं वाटून घेतात.

वाद इथेच थांबला असता, पण जानेवारी २००४ मध्ये फॉक्सबरोला, आपल्या घरच्या मैदानावर, न्यू इंग्लंडने इंडियानापोलिसच्या रिसीव्हरना पार मैदानाच्या मध्यापर्यंत धरून, ढकलून बेजार केलं. त्या दिवशी इंडियानापोलिसच्या क्वार्टरबॅकचे चार पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. सामना २४-१४ असा संपला. त्यानंतर नियम बदलला नाही. पंचांना फक्त ‘आहे तोच नियम काटेकोर लावा’ असं सांगण्यात आलं, आणि हे ठरवणाऱ्या समितीवर हरलेल्या संघाचा वरिष्ठ व्यवस्थापकही होता. यात कट होता असं म्हणायला आधार नाही, पण हे दिसायला बरं नव्हतं हे नक्की. पुढच्याच हंगामात त्या क्वार्टरबॅकने ४९ टचडाउन पास टाकून १९८४ चा विक्रम मोडला. प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) मात्र तो संघ पुन्हा फॉक्सबरोलाच ३-२० असा हरला.

दहा वर्षांनी हेच पुन्हा. सिअ‍ॅटलच्या दांडग्या कॉर्नरनी डेन्व्हरला सुपर बोलमध्ये ४३-८ असं लोळवलं आणि २०१४ च्या हंगामासाठी पंचांना तीच ताकीद मिळाली. बचावाने मार्ग शोधावा आणि नियमाने तो बुजवावा, हे तिसऱ्यांदा झालं. उलट दिशेची तत्परता फारशी दिसत नाही. २०१५ पर्यंत एका संघाचे पासिंग यार्ड सामन्यामागे २४० च्या वर गेले. १९७७ मध्ये ते सुमारे १४२ होते.

क्वार्टरबॅकचं शिक्षण याच ओघात बदललं. सत्तरच्या दशकात पिट्सबर्गचा क्वार्टरबॅक आपले प्ले, म्हणजे डाव, स्वतः ठरवायचा. १९९४ मध्ये हेल्मेटमधल्या रेडिओला परवानगी मिळाली (१९५६ मध्ये क्लीव्हलँडने तो वापरून पाहिला तेव्हा लगेच बंदी आली होती) आणि प्ले प्रशिक्षकाकडून थेट कानात येऊ लागला. प्ले क्लॉकवर (डाव सुरू करायला मिळणाऱ्या वेळेच्या घड्याळावर) पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो, म्हणून खरी शिकवणी त्या पंधरा सेकंदांची असते. सेफ्टी किती, ब्लिट्झ कुठून, प्रोटेक्शन (लाइनमनचं क्वार्टरबॅकभोवतीचं कवच) कोणत्या बाजूला वळवायचं. कॉलेजमधून येणारे मुलगे तोवर शॉटगनमध्येच (चेंडू मागे देणाऱ्या सेंटरपासून काही यार्ड मागे उभं राहण्याच्या पद्धतीत) वाढलेले असतात, मोजके प्ले हजारदा घोटलेले आणि पुष्कळदा बाजूच्या फलकावरच्या चित्रांवरून घेतलेले. हडलमध्ये (डावाआधी खेळाडू करतात त्या घोळक्यात) लांबलचक प्ले घडाघडा म्हणून दाखवणं हाच त्यांचा पहिला अडथळा ठरतो.

अलीकडे बचाव पुन्हा दोन सेफ्टी खोल ठेवून बसतो, धावेला थोडी जागा देतो आणि लांबचा पास तेवढा नाकारतो. त्याला उत्तर म्हणून आक्रमणाचे प्रशिक्षक सेंटरच्या अगदी मागे उभं राहून स्नॅप (चेंडू) घेणं आणि प्ले ॲक्शनकडे वळताहेत. त्यासाठी बचावाकडे पाठ करून हँडऑफचा (धावणाऱ्याच्या हाती चेंडू देण्याचा) देखावा करायचा, वळायचं आणि दीड-दोन सेकंद न पाहिलेलं मैदान एका नजरेत वाचायचं, हे जुन्या क्वार्टरबॅकांना सवयीचं असलेलं काम शॉटगनमधल्या मुलांना व्यावसायिक संघांत पहिल्यापासून शिकवावं लागतं आहे.