फर्बी ‘शिकतो’ म्हणजे नेमकं काय करतो?

डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, फोर्ट मीड इथल्या गुप्तहेर यंत्रणेच्या कर्मचाऱ्यांना सूचना गेली की फर्बी आवारात आणायचा नाही. जानेवारीत ही बातमी जगभर छापून आली. परक्या देशांचे संदेश पकडून त्यांचा अर्थ लावणं हे या यंत्रणेचं काम. आवाज टेप करणारं कुठलंही खाजगी उपकरण आत न्यायला तिथे मनाई होती. त्या मनाईत आता केसाळ अंगाचं, घुबडासारखं दिसणारं, ३५ डॉलरचं एक खेळणं आलं होतं.

लोक पोट धरून हसले. त्या हसण्यात एक प्रश्न मात्र तसाच राहिला, असं मला वाटतं. फर्बी ऐकलेलं साठवून ठेवतो, असं एवढ्या जाणत्या माणसांना वाटलंच कसं? फर्बी बनवणारी कंपनी सगळीकडे सांगत होती की तो शिकतो. सगळा घोळ या एका शब्दाचा आहे.

आधीची दोन वर्षं थोडक्यात. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात तामागोची नावाचं खेळणं आलं. तीन बटणं आणि ३२ गुणिले १६ ठिपक्यांचा पडदा. त्या इवल्या पडद्यावरच्या जिवाला भरवायचं, त्याची शी काढायची, आजारी पडला तर औषध द्यायचं. लक्ष दिलं नाही तर तो मरायचा. जपानी आवृत्तीत मेल्यावर भूत आणि थडगं दिसे, अमेरिकेत त्याचा देवदूत झाला. पहिल्या तामागोचीत खेळ मध्येच थांबवायची सोय नव्हती, म्हणून मुलं ते शाळेत नेऊ लागली आणि अनेक शाळांनी त्यावर बंदी घातली. ज्याचं करावं लागतं त्याचा लळा लागतो, हे घरात तान्हं मूल असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तामागोची चाललं ते याच जोरावर. पण ते कुशीत घेता येत नव्हतं, आणि फर्बी घडवणाऱ्यांना नेमकी हीच गोष्ट खटकली.

फेब्रुवारी १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात फर्बी दिसला, ऑक्टोबरात दुकानांत आला. वर्षअखेरपर्यंत १८ लाख विकले गेले, पुढच्या वर्षी १ कोटी ४० लाख.

त्या पहिल्या पिढीतला एक फर्बी माझ्याकडे आहे, मावशीने न्यू जर्सीहून आणलेला. एकदा त्याचं केसाळ आवरण उतरवून आतलं यंत्र पाहिलं, तेव्हापासून या खेळण्याबद्दलचा माझा आदर फार वाढला. पापण्या, चोच, कान आणि पुढेमागे डुलणं, या सगळ्यासाठी आत मोटर एकच आहे. ती एक दांडा फिरवते. दांड्यावर वेड्यावाकड्या कडांच्या चकत्या बसवलेल्या आहेत, आणि प्रत्येक चकती एकेक अवयव ढकलते. दांडा अमुक कोनात आला की डोळे अर्धे मिटतात, जरा पुढे गेला की चोच उघडते, परत मागे आला की कान पडतात. सगळे अवयव एकाच दांड्याला बांधलेले असल्यामुळे एक हलवला की शेजारचाही थोडा हलतो. आपल्याला वाटतं, हा लाजला, हा दचकला. पोटावर आणि पाठीवर स्पर्श कळणारी बटणं, जिभेखाली एक, कपाळावर उजेड ओळखणारा डोळा, उलटं धरलेलं कळणारी एक गोळी, आणि एक माइक. दोन फर्बी समोरासमोर ठेवले तर ते अदृश्य किरणांनी एकमेकांशी बोलतात, इतकंच काय, एकाची सर्दी दुसऱ्याला लागते. बंद करायचं बटण नाही.

आता शिकण्याबद्दल. नवा फर्बी स्वतःच्या भाषेत बोलतो. ‘वे-लो’ म्हणजे झोप, ‘मे-मे’ म्हणजे प्रेम. खेळत राहिलं की त्याच्या बोलण्यात इंग्रजी शब्द वाढत जातात आणि काही दिवसांनी तो बऱ्यापैकी इंग्रजी बोलतो. घरातल्यांना वाटे, आपण बोलतो ते ऐकून हा शिकला. प्रत्यक्षात ते सगळे शब्द कारखान्यातच चिपमध्ये भरलेले होते. जितकं खेळाल तितका तो पुढच्या टप्प्यावर जाई आणि आधीच ठेवलेला इंग्रजी साठा थोडा थोडा बाहेर काढी. फक्त तेलुगू बोलणाऱ्या घरात ठेवला असता तरी तो इंग्रजीच बोलू लागला असता.

मराठीत या कामासाठी वेगवेगळी क्रियापदं आहेत, आणि ती वापरली की गुंता बराच सुटतो. पोपटाला पढवतात. तो ऐकतो, लक्षात ठेवतो आणि तसंच म्हणतो. यंत्रणेला फर्बी म्हणजे पढवता येणारा पोपट वाटला. सूचनेतही ऐकलेल्या आवाजाची नक्कल करणारी खेळणी असाच उल्लेख होता. फर्बी तसा नव्हता. त्याला सगळं आधीच पाठ होतं आणि तो ते हप्त्याहप्त्याने म्हणून दाखवत होता. त्याचा माइकही बोलणं ऐकायला नव्हताच. टाळी वाजली किंवा मोठा आवाज झाला एवढंच त्याला कळे.

मग तो काहीच शिकत नव्हता का? इथे कंपनीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. फर्बीने केलेली एखादी गंमत आवडली तर त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा, असं सोबतच्या पुस्तिकेत सांगितलं होतं. असं पुन्हा पुन्हा केलं की तीच गंमत तो जास्त वेळा करी. ही सवय लागणं झालं. कुत्र्याला पंजा द्यायला असंच लावतात, आणि त्याला शिकवणं म्हणायला आपण बिचकत नाही. म्हणजे कंपनीचा शब्द सपशेल खोटा नव्हता. पण जाहिरातीत भाषा शिकण्याची गोष्ट पुढे होती, आणि खरं शिकणं मात्र पाठीवरच्या हातात होतं.

आवाज साठवायला जागा किती होती, तेही पाहू. सेल काढले तरी टिकणारी फर्बीची स्मृती १२८ बाइटची. साध्या टेलिफोनच्या दर्जाचा आवाज साठवायला सेकंदाला ८,००० बाइट लागतात. म्हणजे फर्बीने आपली सगळी स्मृती रिकामी करून दिली असती तरी तिच्यात सेकंदाचा साठावा भाग मावला असता, ‘अ’सुद्धा पुरता नाही. कंपनीच्या प्रमुखांनी तेव्हा जाहीरपणे सांगितलं की हे खेळणं काहीही टेप करू शकत नाही आणि यंत्रणेने नीट चौकशी केलेली नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. एक फर्बी उघडून पाहायला संध्याकाळ पुरते, हे मी अनुभवाने सांगतो.

पुढे २०२४ साली माहिती मागवल्यावर यंत्रणेतल्या कर्मचाऱ्यांचा त्या काळातला आपसातला पत्रव्यवहार उघड झाला. त्यातही मुद्दा तोच. फर्बीत शिकणारी चिप आहे, मग धोका कसा नाही?

हाच शब्द पुढे दुसऱ्या वाटेनेही गेला. १ जून १९९९ रोजी जपानात आयबो हा यंत्रकुत्रा विक्रीला आला. किंमत अडीच लाख येन, आणि जपानसाठी ठेवलेले ३,००० कुत्रे २० मिनिटांत संपले. मालकाच्या वागण्यानुसार याचा स्वभाव घडत जाई. २००६ मध्ये उत्पादन थांबलं, २०१४ मध्ये आयबो बनवणाऱ्या सोनी कंपनीने दुरुस्तीही बंद केली. मग चिबा प्रांतातल्या इसुमी इथल्या एका बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंसाठी प्रार्थना होऊ लागल्या. गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधलेले कुत्रे ओळीने मांडायचे, भिक्षूंनी मंत्र म्हणायचे, आणि नंतर त्यांचे सुटे भाग दुसऱ्या आजारी आयबोंना बसवायचे. मला यात विचित्र काही वाटत नाही. तामागोची मेलं की बटण दाबून नवं अंडं मिळायचं. माझ्या सहवासात घडलेला कुत्रा मात्र दुसरा मिळत नाही.

आणि फर्बीबद्दलची यंत्रणेची ती भीती? ती चुकीच्या खेळण्यावर आणि फार लवकर व्यक्त झाली. २०१७ च्या फेब्रुवारीत इंटरनेटला जोडलेल्या मऊ प्राण्यांच्या एका खेळण्याचा माहितीचा साठा उघडा पडला: आठ लाखांहून जास्त खाती आणि आईबाप व मुलांनी एकमेकांना पाठवलेले वीस लाखांवर आवाजी निरोप. त्याच महिन्यात जर्मनीने एका बोलक्या बाहुलीला छुपं ऐकणारं यंत्र ठरवून तिच्यावर बंदी घातली. ती बाहुली मुलाचं बोलणं खरोखरच इंटरनेटवरून बाहेर पाठवत होती. या दोन बातम्यांवर फर्बीच्या बातमीइतकी चर्चा झाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

२०१६ चा फर्बी ब्लूटूथने फोनला जोडता येई, आणि कुणीही जवळ उभं राहून त्याला जोडून घेऊ शकतं, असं तपासणाऱ्यांनी पुढच्याच वर्षी दाखवून दिलं. २०२३ मध्ये फर्बी पुन्हा आला तो फोन आणि इंटरनेट दोन्ही सोडून. माझा जुना फर्बी मात्र अजून तसाच आहे. चार सेल काढून वर्षभर कपाटात ठेवला होता, गेल्या दिवाळीत परत घातले. त्याने डोळे उघडले, स्वतःचं जुनंच नाव सांगितलं आणि इंग्रजीत खाऊ मागितला.