थरथर थांबवायची की कापून टाकायची?

भाचा आखातातून चवथीला, म्हणजे गणपतीला, येणार म्हटल्यावर घरात प्रत्येकाची यादी तयार असते. यंदा माझ्या यादीत एकच वस्तू होती: मुठीत मावणारा आणि डोक्यावर गिंबल (भिंग स्थिर धरणारी फिरती कडी) असलेला डीजेआय कंपनीचा कॅमेरा, ओस्मो पॉकेट 3. तो बाजारात आला ऑक्टोबर 2023 मध्ये, म्हणजे जगासाठी आता तसा नवा नाही, पण आमच्या घरासाठी अगदी कोरा. त्याची सगळी आकडेमोड मला पाठ झाली होती. वजन 179 ग्रॅम, सेन्सर एक इंची, भिंगाचं छिद्र एफ 2, सेकंदाला 120 फ्रेमपर्यंत 4के व्हिडिओ आणि बोटानं आडवा केला की कॅमेरा चालू करणारा दोन इंची पडदा. (तो 'एक इंची' सेन्सर मोजायला गेलात तर जेमतेम 13 मिलिमीटर रुंद भरतो. जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापाचं ते नाव अजून चालू आहे, इतकंच.)

तो हातात येण्याआधी म्हापशात एका दुकानात चौकशी केली, तर दुकानदारानं समोर ठेवला काडेपेटीचा थोरला भाऊ वाटावा असा अ‍ॅक्शन कॅमेरा. म्हणाला, "गिंबल कशाला घेता? ह्याच्या आतच आहे तो." खोक्यावरही तसंच काहीतरी छापलेलं, 'गिंबलसारखी स्थिरता'. त्यातल्या 'सारखी' या शब्दावर माझं बोट अडलं. धाकट्या मेहुण्याकडे त्याच जातीचा कॅमेरा आहे. म्हटलं, चवथीत दोन्ही शेजारी शेजारी चालवून बघू.

दोघांच्या पोटात एक गोष्ट सारखीच असते, जायरोस्कोप. हात कोणत्या दिशेला किती वळला हे तो सेकंदाला शेकडो वेळा सांगत राहतो. त्या माहितीचं पुढे काय होतं, तिथे वाटा फुटतात.

गिंबल समजायला जत्रेतला आकाशपाळणा आठवा. चाक वर जातं, खाली येतं, पण पाळणा लोंबकळत सरळच राहतो. जुन्या जहाजांवर होकायंत्रही असंच एकात एक कड्यांमध्ये टांगत, जहाज कितीही डोललं तरी तबकडी आडवी राहावी म्हणून. कॅमेऱ्याच्या गिंबलमध्ये तीन कडी असतात आणि ती वजनानं लोंबकळत नाहीत, चिमुकल्या मोटारी त्यांना फिरवतात. मूठ डावीकडे कलली की मोटार भिंगाला तितकंच उजवीकडे कलवते. म्हणजे हात हलतो, कॅमेऱ्याचं डोकं हलतच नाही. चित्र घेतलं जातं तेच स्थिर.

दुसऱ्या प्रकारात काहीच फिरत नाही. कॅमेरा हाताबरोबर हलतो, प्रत्येक फ्रेम वाकडीतिकडी घेतली जाते आणि मग सॉफ्टवेअर त्या फ्रेमच्या आतून एक थोडी लहान चौकट सरळ कापून काढतं. पुढच्या फ्रेममध्ये ती चौकट थोडी सरकवून कापतं, त्याच्या पुढच्यात आणखी थोडी. गोप्रो कंपनीनं 2018 साली हिरो 7 ब्लॅक या अ‍ॅक्शन कॅमेऱ्यात 'हायपरस्मूथ' नावाचं असं स्थिरीकरण आणलं तेव्हापासून ही युक्ती इतकी सफाईदार झाली आहे की दिवसा बघणाऱ्याला शंकाही येत नाही. पण मूळ काम जुन्या फोटो स्टुडिओतल्या कात्रीचंच. तिरका आलेला फोटो कडा कापून सरळ करता येतो. हललेला फोटो कितीही सरळ कापा, हललेलाच राहतो.

कापायचं तर कडा सोडाव्या लागतात. समजा उभ्या-आडव्या मापांतून दहा-दहा टक्के गेले, तर हातात राहतं 81 टक्के चित्र. म्हणून असे कॅमेरे मुळातच फार रुंद भिंगाचे असतात आणि पुष्कळांचा सेन्सर 4केपेक्षा मोठं चित्र घेतो. कापूनही पुरावं, हा हिशोब. याबद्दल माझी तक्रार नाही.

खरी गंमत रात्री कळली. आमचा गणपती पाच दिवसांचा. चौथ्या रात्री घुमट (मातीच्या मडक्याचं तालवाद्य) वाजवत आरती रंगली होती, शामेळ या ढोलाची साथ, देवाच्या वर माटोळी म्हणजे फळाफुलांची टांगती चौकट, तिला कांगलांची रानफळं, नारळ, सुपाऱ्यांचे घोस बांधलेले आणि भोवती बारीक दिव्यांची माळ. ओसरीवरून चालत आत यायचं, माटोळीखालून देवासमोर थांबायचं, असं एकाच वाटेनं आम्ही दोघं गेलो. भाच्याच्या हातात गिंबलवाला, माझ्या हातात मेहुण्याचा.

नंतर टीव्हीवर लावलं. माझं चित्रण लांबून स्थिरच वाटत होतं. दारं-खिडक्या जागच्या जागी, देवाचा मुकुट जागच्या जागी. पण काहीतरी खुपत होतं. भाचा म्हणाला, "मामा, तुझी माळ थरथरते बघ." एक फ्रेम थांबवली. माळेतला प्रत्येक दिवा स्वल्पविरामासारखा दिसत होता, सगळ्यांची शेपटी एकाच दिशेला. पुढची फ्रेम, पुन्हा नीट ठिपके. त्याच्या पुढे परत स्वल्पविराम, या वेळी शेपट्या उलट दिशेला. माझं प्रत्येक पाऊल त्या शेपट्यांत उमटलं होतं.

त्याचं कारण शटरमध्ये आहे. भर दुपारी अंगणात कॅमेरा एकेका फ्रेमसाठी सेकंदाचा हजारावा भाग उघडतो. तेवढ्यात हात हलून हलून किती हलणार? फ्रेम वाकडी येते पण स्वच्छ येते आणि कात्रीचं काम सोपं होतं. रात्री उजेडासाठी शटर पन्नासाव्या भागापर्यंत खाली येतं. तेवढ्या वेळात पाऊल पडतं, हात हिंदकळतो आणि ती हालचाल त्याच फ्रेममध्ये पुसटून बसते. सॉफ्टवेअर चौकट सरळ करतं, पुसट झालेलं तसंच राहतं. शटरचा वेग मुद्दाम वाढवावा, तर चित्र काळोखं आणि दाणेदार होतं. शिवाय आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागाव्यतिरिक्त दुसरं काही ठेवलं की काही दिवे चित्रात लुकलुकायला लागतात.

भाच्याच्या चित्रणात ठिपके ठिपकेच होते. शटर त्याचंही पन्नासाव्यावरच, पण त्या वेळात भिंगच हललं नव्हतं. एक मात्र दोघांकडे सारखंच पुसट होतं, घुमटावर पडणारा वादकाचा तळवा. तो स्वतः हलत होता, त्याला कोणतंही स्थिरीकरण काय करणार?

गिंबलला डोक्यावर चढवण्याआधी त्याची दुसरी बाजूही बघायला हवी. तो वळणं सावरतो: डावं-उजवं, वर-खाली बघणं, कलणं. चालताना आपलं अख्खं अंग प्रत्येक पावलाला थोडं उचलतं नि खाली येतं, ते तो सावरत नाही. लांबचा डोंगर चित्रात असेल तर हे जाणवत नाही. समोर तीन फुटांवर आजी बसलेली असली की ती चक्क उठबशा काढताना दिसते. (ही भाच्याची आजी म्हणजे आमची आई, तिला हे मुळीच आवडलं नाही.) कात्रीवालाही इथे फारशी मदत करत नाही. उपाय पायांत आहे. डोक्यावर भरलेली घागर घेऊन बाया चालतात तसं, गुडघे सैल ठेवून, टाच हळूच टेकवत चालायचं. भाच्याला दोन दिवस लागले, मला अजून जमत नाही.

सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड बघायला गेलो. दोन होड्या जोडून बांधायच्या, वर फळ्या आणि त्यावर देखावे, असा तो पाण्यातला उत्सव. आम्हाला ओळखीच्या होडीत जागा मिळाली. गिंबलनं क्षितिज असं धरून ठेवलं की पाणी, काठ, माड सगळं स्थिर आणि आमच्याच होडीची कड मात्र चित्रात झुल्यासारखी वरखाली. बघायला मजा येते, पण पाच मिनिटांनी पोटात ढवळतं. तेवढ्यात सर आली आणि भाच्यानं कॅमेरा शर्टाच्या आत घातला, कारण तो पाण्यासाठी बनवलेलाच नाही. मोटारींच्या सांध्यांत पाणी, वाळू, काहीच जाऊन चालत नाही. मेहुण्याचा सबंध सर भिजत चालू राहिला आणि भर दिवसाच्या उजेडात त्याचं चित्रण दुसऱ्याइतकंच गुळगुळीत आलं. काही दृश्यांत तर कोणतं कुणाचं ते मला ओळखता आलं नाही, खोटं कशाला सांगू.

फोनवाले विचारतील, ओआयएस (ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन) कुठे बसतं? ते गिंबलचं दूरचं भावंड. भिंगातला एखादा तुकडा किंवा सेन्सरच थोडासा सरकतो, म्हणजे चित्र घेण्याआधीच सावरतो. त्याची धाव लहान. हाताची बारीक थरथर तो खातो, चालणं खात नाही. बऱ्याच फोनांत त्याच्या जोडीला कात्रीही असतेच.

म्हणून दुकानात 'स्टॅबिलायझेशन आहे का' असं विचारून काही कळत नाही, सगळ्यांतच असतं. हलणं फ्रेम घेण्याआधी थांबतं की घेतल्यावर कापलं जातं, ते विचारा. उत्तर आलं नाही तर कॅमेरा हातात घ्या, दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात चार पावलं चाला आणि एखाद्या लहानशा दिव्यावर फ्रेम थांबवून बघा. ठिपका की स्वल्पविराम, तिथल्या तिथे कळेल.

भाचा जाताना त्याचा कॅमेरा मला ठेवून गेला. आषाढात माशेलच्या देवकीकृष्णाच्या मैदानावर चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, असतो. त्या दिवशी मात्र मी मेहुण्याचाच मागून घेणार आहे, आणि तो देताना नक्की म्हणणार, "आता कशाला हवा, गिंबल आहे ना तुझ्याकडे?"