घराण्याचे जुने कागद मिळवताना अर्ज कुठे अडतो

"आमच्या आडनावाचे कागद द्या" एवढाच अर्ज घेऊन कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जाणारे बरेच जण रिकाम्या हाताने परततात. कागद असतात, पण दप्तर आडनावाप्रमाणे लावलेलं नसतं. करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानाची कचेरी जशी चालायची, तसेच तिचे कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत बांधलेले आहेत. त्यांत तुमच्या पणजोबांचा उल्लेख असलाच तर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि पाटील, कुलकर्णी असा हुद्दा एवढंच सापडतं. आडनाव पुष्कळदा लिहिलेलंच नसतं.

म्हणून अर्जात आधी गाव लिहा, मग तेव्हाचा पेटा, म्हणजे तालुक्यासारखा महसुली विभाग. आजचा तालुका लिहून भागत नाही, कारण हातकणंगल्याकडची गावं तेव्हा आळते पेट्यात मोडायची. गाव खरंच करवीर संस्थानातलं होतं का, तेही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. कुरुंदवाड आज कोल्हापूर जिल्ह्यात असलं तरी ते पटवर्धनांचं वेगळं संस्थान होतं. करवीर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्यानंतरचा फेरफार किंवा सातबारा इथे शोधू नका, त्यासाठी तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालय आहे. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14 मधली जन्ममृत्यूची नोंदही तहसीलच्या अभिलेख कक्षातच मागायची असते.

दुसरी अडचण सनाची. कागदावर फसली, म्हणजे महसुली सन, 1310 दिसलं की लोक गोंधळतात. फसलीत 590 मिळवा, म्हणजे इसवी 1900-01 येईल. वर्ष मृगापासून, म्हणजे जूनपासून सुरू होतं, त्यामुळे जानेवारीनंतरच्या तारखेला 591 मिळवायचे. शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीतल्या कागदांवरचा सन, असेल तर 599 किंवा 600, शक असेल तर 78 किंवा 79. अर्जात नुसतं "फार जुना" न लिहिता दहा वर्षांचा टप्पा द्या, म्हणजे रुमाल काढून देणाऱ्यालाही शोधता येतं.

जातीच्या दाखल्यासाठी येणाऱ्यांची धावपळ पाहवत नाही, कारण त्यातल्या अनेकांना इथे यायची गरजच नसते. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो. त्याचा अर्थ मोडी कागदच हवा असा लावून लोक भाडं खर्चून येतात. आधी आजोबांच्या शाळेत जा आणि जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची नोंदवही बघा. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यामुळे करवीरच्या खेड्यांतल्या शाळांत जुनी रजिस्टरं मिळण्याची आशा असते.

बाकी साधं आहे: अर्ज, ओळखपत्र, कारण, आणि विद्यार्थी असाल तर मार्गदर्शकांचं पत्र. कागद पाहायला तुम्ही वारस असल्याचं सिद्ध करावं लागत नाही. ते नातं पुढे जातीच्या दाखल्यासाठी जात पडताळणी समितीपुढे दाखवावं लागतं. तिथे वंशावळ आणि तिच्यातल्या प्रत्येक पायरीचा पुरावा मागतात, आणि मधली एक पिढी निसटली की प्रकरण तिथेच थांबतं.

मोडी कागद सापडला तर प्रमाणित प्रत घ्या आणि मोडी जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्या. दोन्ही एकत्र जोडा. हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, कारण चांगलं मोडी वाचणारी माणसं थोडी आहेत आणि त्यांच्याकडे कामाचा ढीग असतो.

घरच्या पेटीतल्या सनदेला प्लॅस्टिकचं लॅमिनेशन करू नका. तो कागद कायमचा खराब होतो.

आणि खिडकीवर कोणी तोंडी "मिळत नाही" म्हणालं तर तसेच उठून येऊ नका. अर्जाची पोचपावती घ्या, कोणते रुमाल तपासले ते लिहून मागा. आढळून येत नसल्याचं लेखी उत्तर हातात असलं तर दुसऱ्या कार्यालयात तुम्हाला परत पहिल्याच खिडकीकडे पाठवता येत नाही.