उत्परिवर्तन म्हणजे म्युटेशन
डीएनएमधल्या अक्षरांच्या क्रमात जो कायमचा बदल होतो त्याला उत्परिवर्तन म्हणतात, बोलताना सगळे म्युटेशनच म्हणतात. ही अक्षरं चारच, ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन, आणि आई किंवा वडिलांकडून मिळणाऱ्या एका संचात ती सुमारे ३०० कोटी असतात. पेशी विभागली की हे सगळं कॉपी होतं, चुका पकडणारी यंत्रणाही असते, तरी काही चुका सुटतातच. शिवाय अल्ट्राव्हायोलेट किरण, एक्स-रे, काही केमिकल्स यांनीही डीएनए बिघडतो, एक्स-रेचा परिणाम हर्मन मुलर या शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये फळमाश्यांवर दाखवला होता. प्रत्येक बाळात आईवडिलांत नसलेली साधारण ६०-७० नवी म्युटेशन्स असतात, त्यातली जास्त वडिलांकडून येतात आणि बहुतेकांनी काहीच फरक पडत नाही. म्हणून म्युटेशन म्हटलं की लगेच घाबरायचं कारण नाही. पुढच्या पिढीत जातात ती फक्त बीजांड किंवा शुक्राणूतली, त्वचेच्या किंवा फुप्फुसाच्या पेशीतलं म्युटेशन त्या माणसापुरतंच राहतं, कॅन्सर बहुतेक वेळा अशातूनच होतो.

एका अक्षराने काय होऊ शकतं ते सिकलसेल या रक्ताच्या आजारात बघा. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणारं प्रोटीन, त्याच्या बीटा नावाच्या साखळीच्या जनुकात एका ठिकाणी जीएजी या तीन अक्षरांचं जीटीजी होतं, म्हणजे मधल्या ॲडेनिनच्या जागी थायमिन, बस एवढंच. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड या अमिनो ॲसिडऐवजी व्हॅलिन हे दुसरं येतं, ऑक्सिजन सुटला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि गोल लाल पेशी वाकडी होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, असह्य दुखतं. पण हा आजार होतो तो आई आणि वडील दोघांकडून बदललेलं जनुक आलं तर. एकाकडूनच आलं तर सहसा त्रास होत नाही, उलट गंभीर मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, म्हणूनच हे जनुक मलेरियाच्या भागात टिकून राहिलं. एकच बदल, पण तो चांगला की वाईट हे परिस्थितीवर ठरतं, आणि हे शाळेत नीट सांगितलंच जात नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे गरज पडली की जीव म्युटेशन घडवून आणतो. लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये याची फार सुंदर परीक्षा घेतली. त्यांनी ई. कोलाय जंतू बऱ्याच नळ्यांत वेगवेगळे वाढवले आणि मग त्यांना मारणाऱ्या विषाणूसमोर ठेवले. विषाणू बघून जंतू बदलत असते तर प्रत्येक नळीतून साधारण सारखेच जंतू वाचले असते, पण काही नळ्यांत एकही वाचला नाही आणि काहींत शंभरावर वाचले. म्हणजे बदल आधीच झाला होता, ज्या नळीत लवकर झाला तिथे त्याचे वंशज जास्त झाले. विषाणूने फक्त निवड केली.

अँटिबायोटिकचंही असंच आहे, औषध जंतूला काही शिकवत नाही, आधीच बदललेले तेवढे मागे ठेवतं. टीबीला एकदम तीन-चार औषधं देतात ती यामुळेच, कारण एका औषधाला दाद न देणारा जंतू करोडोंमध्ये सापडतो, पण सगळ्यांनाच दाद न देणारा एकच जंतू आपोआप तयार झालेला असण्याची शक्यता जवळजवळ नसते.