रात्री घरी जाणारे पेशंट : व्यसनमुक्तीच्या ‘डे ट्रीटमेंट’मागचा इतिहास

व्यसनमुक्ती केंद्रात फोन करणाऱ्या घरच्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो : ‘किती दिवस ठेवून घेणार?’ उपचार म्हणजे माणूस घरापासून लांब नेऊन ठेवणं, हे आपल्याकडे गृहीतच आहे. अमेरिकेत मात्र डे ट्रीटमेंट ही सर्वसाधारण गोष्ट आहे. पेशंट सकाळी केंद्रात येतो. दिवसभर गटचर्चा, समुपदेशन, औषधं, लघवीची तपासणी होते आणि संध्याकाळी तो आपल्या घरी जातो. ही पद्धत कुणा विद्वानाच्या सिद्धांतातून आली असं वाटू शकतं. प्रत्यक्षात ती आली खाटांच्या आणि पैशांच्या टंचाईतून, आणि तिची पुढची जवळजवळ सगळी वळणं बिल कोण भरतो यावर ठरली.

सुरुवात व्यसनाशी संबंधित नव्हतीच. १९३३ साली मॉस्कोत झागारोव या मनोविकारतज्ज्ञाने मनोरुग्णांसाठी दिवसाचं रुग्णालय सुरू केलं, कारण भरती करायला जागा नव्हती. १९४६ मध्ये माँट्रियलच्या ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये युएन कॅमेरॉनने आणि लंडनमध्ये जोशुआ बिअररने असेच प्रयोग केले. (हाच कॅमेरॉन पुढे सीआयएच्या पैशांवर रुग्णांवर केलेल्या अघोरी प्रयोगांमुळे बदनाम झाला, चांगल्या कल्पनेचा बाप चांगलाच असतो असं नाही.) १९६३ मध्ये केनेडी सरकारने सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांचा कायदा केला. त्यात प्रत्येक केंद्राने ज्या पाच सेवा द्यायच्याच होत्या, त्यांत ‘अंशकालीन भरती’, म्हणजे दिवसा उपचार आणि रात्री घर, ही एक होती. दिवसाच्या उपचाराला सरकारी शिक्का मिळाला तो इथे.

दारू आणि ड्रग्जच्या बाबतीत मात्र उलटी समजूत घट्ट होती : माणसाला त्याच्या वातावरणातून उचलायचं. १९३५ मध्ये अमेरिकन सरकारने केंटकी राज्यात लेक्झिंग्टनजवळ अफू-हेरॉइनच्या व्यसनींसाठी शेतीवाडीसह एक प्रचंड संस्था उभारली. अर्धं रुग्णालय, अर्धा तुरुंग. तिथून बाहेर पडलेल्यांपैकी बहुतेक जण पुन्हा व्यसनाकडे वळले. १९४९ मध्ये मिनेसोटात हेझल्डेन हे उपचार केंद्र सुरू झालं. तिथे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मद्यपींच्या स्वमदत गटाच्या बारा पायऱ्या आणि व्यावसायिक उपचार यांची सांगड पडली. त्यातूनच २८ दिवसांचा निवासी कार्यक्रम रूढ झाला. अठ्ठावीसच का, याला वैद्यकीय उत्तर फारसं नाही. विमा कंपन्या तेवढ्याचे पैसे देऊ लागल्या आणि आकडा कायम झाला.

पहिला मोठा धक्का लंडनहून आला. ग्रिफिथ एडवर्ड्स आणि जिम ऑरफर्ड यांनी १९७७ मध्ये १०० विवाहित मद्यपी पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्यांना त्या काळी उपलब्ध असलेले सगळे उपचार मिळाले. गरज पडल्यास भरतीसुद्धा. उरलेल्यांना पत्नीसोबत बसवून एकदाच सविस्तर सल्ला दिला : दारू सोडायची आहे, आणि ती जबाबदारी तुमची. वर्षभराने दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. या निष्कर्षावर खूप वाद झाले. सगळ्यांना एका सल्ल्याने बरं वाटेल असा त्याचा अर्थ लावणं चूक आहे. पण ‘जितके जास्त दिवस आत, तितकं बरं’ हा हिशेब त्यानंतर पूर्वीसारखा बिनधास्त मांडता येईना.

१९८० च्या दशकात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. विमा कंपन्यांनी खर्चाला कात्री लावली, आणि कोकेन नोकरदारांपर्यंत पोहोचलं. नोकरी असलेला माणूस महिनाभर गायब होऊ शकत नाही. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रिचर्ड रॉसन आणि सहकाऱ्यांनी घरी राहून घ्यायच्या उपचारांचं ‘मॅट्रिक्स मॉडेल’ विकसित करायला घेतलं. त्यातून सुमारे १६ आठवड्यांचा आखीव कार्यक्रम तयार झाला. आठवड्यातून काही दिवस बैठका, कुटुंबाचं शिक्षण, लघवीची नियमित तपासणी. दिवसाचं वेळापत्रक कागदावर लिहून घेणं हा त्यातला कणा, कारण रिकामा वेळ हाच धोक्याचा.

मग अभ्यासांनी विमा कंपन्यांचं काम सोपं केलं. १९८९ मध्ये फिलाडेल्फियात १६४ माजी सैनिकांवरचा अभ्यास आला. त्यांची दारू सोडताना होणारी लक्षणं सौम्य किंवा मध्यम होती. भरती केलेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी दारू शरीरातून उतरवण्याचा हा टप्पा पूर्ण केला, घरून येणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांनी. पण सहा महिन्यांनी दोघांची स्थिती सारखीच, आणि भरतीचा खर्च कितीतरी पट. १९९४ मध्ये त्याच शहरात कोकेनच्या १११ पेशंटांची तुलना झाली. दिवसाच्या उपचाराचा खर्च भरतीच्या ४० ते ६० टक्के आणि दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखी. मात्र महिनाभराचा कार्यक्रम पुरा करणारे भरतीत ८९ टक्के, दिवसाच्या गटात ५४.

या ५४ कडे मी जास्त लक्ष देतो. जवळजवळ निम्मे अर्ध्यातूनच गळले. घरी जाण्याच्या रस्त्यावर गुत्ता असतो, जुने मित्र असतात, खिशात पैसे असतात. संध्याकाळी सात ते अकरा या वेळेचं काय करायचं, हे ज्या कार्यक्रमाने शिकवलं नाही तो दिवसभर कितीही चांगला असला तरी अर्धाच. शिवाय एक वैद्यकीय अट आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रमही होऊ शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. असे पेशंट आधी वॉर्डातच हवेत.

१९९१ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ ॲडिक्शन मेडिसिनने कुणाला उपचाराच्या कोणत्या पायरीवर ठेवायचं याचे निकष छापले. त्यांच्या हिशेबाने आठवड्याला ९ तासांपासून पुढे ‘सघन बाह्यरुग्ण’ सेवा, २० तासांपासून पुढे ‘अंशकालीन भरती’ ठरली. इलाज तासांत मोजला गेला की बिलही तासांत होतं. २००८ आणि २०१० च्या कायद्यांनी व्यसनाच्या उपचाराला विम्याचं चांगलं संरक्षण दिलं, आणि २६ वर्षांपर्यंतची मुलं आईवडिलांच्या पॉलिसीत राहू लागली. फ्लोरिडात याचा बाजार मांडला गेला. तरुण पेशंटांना दलाल फुकट राहण्याचं आमिष दाखवून ‘सोबर होम’मध्ये, म्हणजे व्यसन सोडणाऱ्यांनी एकत्र राहायच्या घरात, आणत. दिवसा उपचार केंद्र, रात्री ते घर, आणि विम्याला मोठमोठ्या बिलांच्या लघवी तपासण्या. पेशंट पुन्हा प्यायला लागला तर चक्र नव्याने सुरू, म्हणजे तो बरा होणंच तोट्याचं. २०१८ मध्ये अशा दलालीविरुद्ध संघराज्य कायदा करावा लागला.

भारतात कथा वेगळी आहे. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये टीटीके फाउंडेशनचं काम सुरू केलं, पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं. मुक्तांगणचा पाया निवासी, पण बाहेर पडल्यावरचा पाठपुरावा आणि पत्नींचा ‘सहचरी’ गट हे संध्याकाळ सांभाळण्याचंच काम आहे. टीटीकेने १९८९ मध्ये मंजक्कुडी या गावात शिबिरं घ्यायला सुरुवात केली. उपचार पेशंटच्या गावात गेला. सरकारी अनुदान मात्र खाटा मोजून मिळत आलं : १५ खाटांचं केंद्र, ३० खाटांचं केंद्र. दिवसाच्या पेशंटला खाट लागत नाही, म्हणून तो हिशेबात नीट बसत नाही. घरच्यांनाही अनेकदा उपचाराइतकीच विश्रांती हवी असते. मारहाण, उधारी, रात्रीची जागरणं यांतून महिनाभर सुटका. तो माणूस रोज संध्याकाळी परत येणार असेल तर त्यांना ते नको असतं, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नाही.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळाला; भरती होऊन मिळाला तो १८० मागे एकाला. खाटा वाढवून ही दरी भरणार नाही, हे स्पष्टच आहे. पंजाबने २०१७ पासून अफूजन्य व्यसनांसाठी ओपीडीतून ब्युप्रेनॉर्फिन-नालॉक्सोन हे अफूची ओढ शमवणारं औषध द्यायला सुरुवात केली. गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून काही मोजक्या बैठका देऊन पाहिल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ३७७ पुरुष होते. तीन महिन्यांनी धोकादायक पिणं थांबलेल्यांचं प्रमाण समुपदेशनाच्या गटात ३६ टक्के होतं, इतरांत २६. ही चाचणी हानिकारक पातळीवर पिणाऱ्यांसाठी होती. पूर्ण अवलंबून झालेले त्यात घेतलेच नव्हते.